माल एक, खटले किती?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘पोराच्या गाडीवर गांजा मिळाला, मग घरात मिळाला, तर केसेस दोन कशा?’ असं एका वाचकाने आपल्या अंकात विचारलं होतं. जिल्ह्यातल्या न्यायालयांत रोजनामे लिहिण्यात माझी नोकरी संपली, म्हणून हे उत्तर. वकिली सल्ला म्हणून घेऊ नये.

कायद्याचा मूळ नियम वेगळेपणाचाच आहे. प्रत्येक वेगळ्या गुन्ह्याला वेगळा दोषारोप आणि वेगळा खटला, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 241 सांगतं. सवलती त्यापुढे येतात. बारा महिन्यांतले एकाच प्रकारचे पाच गुन्हे एकत्र चालवता येतात (जुन्या संहितेत तीनच होते), आणि कलम 243 प्रमाणे एकाच घटनाक्रमातले गुन्हेही एका खटल्यात घेता येतात. ‘येतात’ हा शब्द नीट वाचा, घेतलेच पाहिजेत असं तिथे लिहिलेलं नाही. मात्र एकाच घटनेवर दुसरा एफआयआर नको, हे सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्येच टी. टी. अँटनी प्रकरणात सांगितलं आहे. म्हणजे भांडण शेवटी घटना एक की दोन यावरच येतं.

आपल्या दापोलीतलंच उदाहरण घ्या. ऑगस्ट 2023 मध्ये कर्दे, लाडघर, केळशी, कोळथरे या किनाऱ्यांवर चरसची पाकिटं वाहून आली. समजा, कर्द्यात एकाने पाकीट उचलून माडाच्या बुंध्याशी पुरलं आणि केळशीत दुसऱ्याने होडीत दडवलं. दोघांची ओळख नाही, संगनमत नाही. पाकिटं एकाच खेपेतली असली तरी जवळ बाळगण्याचे गुन्हे दोन, खटलेही दोन. त्यात गैर काही नाही.

पण माझ्या टेबलावर आलेल्या एका प्रकरणात असं नव्हतं. नाक्यावर मोटारसायकलच्या पिशवीत 9 किलो गांजा सापडला, दीड तासाने त्याच मुलाच्या घरात 12 किलो. पंच तेच, लाखेचं सील तेच, एका पंचनाम्याची शाई तर दुसऱ्यावर उमटलेली. घर दुसऱ्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत, म्हणून गुन्हे दोन आणि तारखाही दोन. मुलाची आई पहाटेच्या एसटीने यायची. औषधाच्या पाकिटावर दोन्ही केस नंबर लिहिलेले असायचे; ते पुढे करून विचारायची, “साहेब, ह्यातली कंची आजची?”

तिच्या तरुण वकिलाने दोन्ही खटले एकत्र चालवण्याचा अर्ज टाइप करून आणला होता. बाररूममधल्या एका जुन्या वकिलांनी तो वाचला आणि एवढंच विचारलं, “बेरीज केलीस का?” 9 आणि 12 म्हणजे 21. गांजाचं व्यापारी प्रमाण 20 किलोच्या वर सुरू होतं. सुटं धरलं तर प्रत्येक खटल्यात जास्तीत जास्त 10 वर्षं. एकच साठा धरला तर किमान 10, कमाल 20, शिवाय अंमली पदार्थांच्या कायद्यातल्या (एनडीपीएस) कलम 37 मुळे जामीन जवळपास विसरायचा. अर्ज दाखल झालाच नाही.

त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. स्वतंत्र खटल्यांत दोन शिक्षा झाल्या, तर न्यायालयाने वेगळा आदेश दिल्याशिवाय दुसरी पहिली संपल्यावर सुरू होते. अमृतसर आणि दिल्लीच्या हेरॉइनच्या दोन खटल्यांतल्या 12 आणि 15 वर्षांच्या शिक्षा एकत्र भोगू देण्यास सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2021 मध्ये नकार दिला. तिथे गुन्हे खरोखरच वेगळे होते, त्यामुळे तो निकाल मला खटकत नाही. दीड तासाच्या अंतरावरचे आणि त्याच पंचांचे दोन पंचनामे मात्र मला आजही खटकतात. ठाण्याची हद्द बदलली म्हणून घटना बदलते, हे मला पटलेलं नाही. असे गुन्हे एकत्र करायचे की नाही हे दोषारोपपत्राच्या वेळीच, सरकारी वकिलांना विचारून ठरायला हवं. आरोपीच्या अर्जावर सोडलं तर तो बिचारा आधी तराजू बघणार.

प्रश्न विचारणाऱ्या वाचकांनी दोन्ही पंचनाम्यांच्या नकला काढाव्यात आणि वेळ, पंचांची नावं, निव्वळ वजन या तीन गोष्टी शेजारी मांडून वकिलांना दाखवाव्यात. वजन पिशवीसकट लिहिलंय का, तेही बघावं.

आपला,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, ता. दापोली