गिटारी कमी करताना

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

गिटारी आणि ॲम्प (गिटारचा आवाज मोठा करणारी यंत्रे) कमी करायचे ठरले आहे. उचलाउचल बरीचशी तुझ्यावर येणार, म्हणून सगळे नीट लिहून ठेवतोय. कुठल्या गिटारीत काय बदलले हे मला आठवतेय तोवरच हे काम उरकायला हवे. ही माहिती कागदावर नसेल, तर पूर्ण मूळची गिटार कुठली आणि दुरुस्त केलेली कुठली, हे फक्त घेणाऱ्याला कळते. देणारा फसतो.

सुरुवात ॲम्पपासून कर. फेंडरचा ट्विन रिव्हर्ब सुमारे 29 किलोचा आणि 85 वॉटचा. पाठ आणि खांदे कुरकुरायला लागल्यावर तो ठेवण्यात अर्थ नाही, कारण घरात त्याच्या आवाजाचा दहावा हिस्साही वापरता येत नाही. 15 ते 22 वॉटचा एक ॲम्प पुरतो. ट्विनचाच आवाज हवा असेल तर टोन मास्टर मालिकेतला ट्विन जवळपास 15 किलोचा आहे, त्यात ट्यूब (जुन्या पद्धतीच्या काचेच्या नळ्या) नाहीत. ट्यूबचा छोटा ॲम्प ठेवला तर त्याचा स्पीकर निओडिमियम चुंबकाचा करून घ्यायचा. 12 इंची साध्या स्पीकरपेक्षा तो निम्म्याच्या आसपास वजनाचा असतो, आणि हा फरक रोज उचलताना जाणवतो.

जो ॲम्प बरीच वर्षे बंद आहे तो “चालतोय का बघू” म्हणून लावायचा नाही. त्यातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) साधारण 15-20 वर्षांत सुकतात. नुसते पडून राहिले तरी आतला इन्सुलेशनचा थर कमजोर होतो. एकदम पूर्ण व्होल्टेज मिळाले की विद्युतप्रवाह गळतो, कपॅसिटर तापतो, फुटतो, आणि जाताना पॉवर ट्रान्सफॉर्मरही घेऊन जातो. तंत्रज्ञ व्हेरिॲकने (व्होल्टेज कमीजास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) व्होल्टेज हळूहळू चढवतो किंवा मालिकेत जुना तारेचा बल्ब जोडून तपासतो. बल्ब प्रखर पेटत राहिला तर आत शॉर्ट आहे. चेसिस, म्हणजे आतल्या सर्किटचा धातूचा सांगाडा, तू उघडू नकोस. प्लग काढल्यावरही आत 400 व्होल्टच्या वर साठलेले असू शकते. ट्यूबच्या ॲम्पला स्पीकर जोडल्याशिवाय तो सुरू करायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. दोन पिनांची जुनी वायर असेल तर अर्थिंगसह तीन पिनांची बसवायची आणि जुन्या ॲम्पमध्ये विजेची वायर आणि चेसिस यांच्यात जोडलेला धोकादायक कपॅसिटर तंत्रज्ञाला काढून टाकायला सांगायचे. अशा दुरुस्तीने जाणकार किंमत पाडत नाहीत. फक्त काढलेले सुटे भाग पिशवीत घालून ॲम्पबरोबरच द्यायचे. मागच्या पट्टीवर 120 की 230 व्होल्ट तेही वाचून घे.

आता गिटारी. प्रत्येकीसाठी एक कागद कर: सिरियल नंबर, पिकअप (तारांचा आवाज टिपणारे भाग) मूळचे की बदललेले, ट्यूनर (तारा पिळायच्या खुंट्या), फ्रेट (नेकवरच्या धातूच्या पट्ट्या) कधी घातले, रंग मूळचा का. जुन्या अमेरिकन इलेक्ट्रिक गिटारीत पॉटच्या, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या बटणाखालच्या भागाच्या, पाठीवर आकडे असतात. उदाहरणार्थ 1376612: यात 137 म्हणजे पॉट बनवणारी सीटीएस कंपनी, 66 म्हणजे 1966, आणि 12 म्हणजे त्या वर्षाचा बारावा आठवडा. याने एवढेच कळते की गिटार त्याआधीची नाही. पॉट कारखान्यात पडून राहिलेला असू शकतो. आकडे पाहताना सोल्डरला हात लावू नकोस. न छेडलेले सोल्डर हाच मूळच्या भागांचा सगळ्यात भरवशाचा पुरावा. पॉलिश नको, नवा रंग तर नकोच. जुनी गिटार पुन्हा रंगवली की किंमत ढोबळमानाने निम्मी होते. काढलेले ट्यूनर, पिकअप, मूळची केस, कागदपत्रे, सगळे एकत्र ठेव.

मागची-बाजूची लाकडे ब्राझिलियन रोझवुडची असतील तर ती गिटार देशाबाहेर विकायला काढू नकोस. 1992 पासून ते झाड साइट्सच्या (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) पहिल्या परिशिष्टात आहे, परवान्याशिवाय सीमा ओलांडता येत नाही. बाकी रोझवुडच्या तयार वाद्यांना नोव्हेंबर 2019 पासून सूट मिळाली आहे. मार्टिन या गिटार कंपनीने 1969 च्या सुमारास ब्राझिलियन रोझवुडऐवजी भारतीय शिसम वापरायला सुरुवात केली, त्यामुळे मार्टिनची गिटार त्याआधीची असेल तर आधी जाणकाराला दाखव.

ठेवायच्या किती? तीन. सगळ्यात महागडी नव्हे, रोज हातात येते ती आधी. बोटे आखडायला लागली की 628 मिमी स्केलची (तारेच्या वाजत्या लांबीची) गिटार 648 पेक्षा सोपी जाते, कारण त्याच सुराला तार कमी ताणलेली असते. सोबत सगळ्यात बारीक तार 0.009 इंचाची असलेला संच. वजन साडेतीन किलोच्या आत.

पॅकिंगमध्ये सगळ्यात जास्त गिटारी मोडतात त्या नटपाशी, म्हणजे नेक आणि हेडस्टॉक (खुंट्यांचा वरचा भाग) जिथे मिळतात तिथे. गिब्सनचा हेडस्टॉक साधारण 17 अंश मागे कललेला असतो, तिथे लाकडाचे तंतू तुटक होतात आणि ट्रसरॉडसाठी (नेकमधल्या लोखंडी सळीसाठी) खणही काढलेला असतो. केस पाठीवर पडली की हेडस्टॉक झटक्याने मागे जातो आणि तिथेच तडकतो. म्हणून तारा दोन-तीन सुरांनी ढिल्या कर, पूर्ण काढू नकोस. नेकच्या खाली आणि दोन्ही बाजूंना कापड असे दाबून भर की हेडस्टॉक केसला कुठेच टेकणार नाही. तारा आणि फ्रेटमध्ये जाड कागद. मग केस खोक्यात, चहूबाजूंनी पाच-सात सेंटिमीटर गादी. थंडीत पोहोचली तर घेणाऱ्याला एक दिवस केस बंद ठेवायला सांग, नाहीतर लॅकरला तडे जातात.

विक्री होईपर्यंत खोलीतली आर्द्रता 45 ते 55 टक्के ठेव. पेडल आणि ॲक्टिव्ह (बॅटरीवर चालणाऱ्या) पिकअपच्या 9 व्होल्टच्या बॅटऱ्या आजच काढ. नायट्रो लॅकरच्या (जुन्या पद्धतीच्या नायट्रोसेल्युलोज रंगाच्या) गिटारी रबरी स्टँडवर ठेवू नकोस, रंग चिकट होऊन डाग पडतो.

सगळा लॉट एकालाच द्यायचा मोह टाळ. तो चांगल्या दोन बघून भाव करतो आणि उरलेल्या फुकटात नेतो. दुकानदार आपल्या नफ्यासाठी विक्रीच्या किमतीच्या निम्म्याच्या आसपास देतो. घाई नसेल तर कमिशनवर ठेवलेले बरे. साध्या गिटारी आधी काढ, म्हणजे भावाचा अंदाज येतो.

येताना मार्कर, झिपच्या पिशव्या आणि मोजपट्टी आण. कागद मी आजपासून लिहायला घेतो, पहिला ट्विनचा.

तुझा,
बाबा