बाबांना रावेन्नाहून पत्र

रावेन्ना, इटली

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

माझे जेवणखाण वेळेवर होते, असे आईला सांगा. जुन्या सेनापतींवर प्रबंध लिहून पोट कसे भरणार, असे तुम्ही फोनवर विचारलेत. पोटाचे मी पाहीन. परंतु विषय रिकामटेकडा नाही, हे फौजेत आयुष्य काढलेल्या तुम्हाला तरी पटावे.

इथल्या सान विताले चर्चमधील भित्तिचित्रात पूर्व रोमन सम्राट जस्टिनियनशेजारचा दाढीवाला पुरुष म्हणजे त्याचा सेनापती बेलिसारियस, असे मानतात. अंगावर पांढरा झगा, हाती शस्त्र नाही. दारा नावाच्या शहराजवळच्या लढाईत (530) त्याने खंदक खणून इराण्यांना हरवले. पण मला तो पावात मोठा दिसतो. 533 साली उत्तर आफ्रिकेत राज्य करणाऱ्या व्हँडल लोकांवर निघालेल्या त्याच्या आरमाराला सरपण वाचवून अर्धवट भाजलेला पाव मिळाला. तो वाटेत बुरसला आणि सुमारे 500 शिपाई दगावले. बेलिसारियसने लगेच आसपासच्या मुलखातून पाव मिळवून वाटला. पुढे आफ्रिकेत उतरल्यावर शेतांतली फळे तोडणाऱ्या शिपायांना त्याने चोपले, कारण तिथली रयत त्याला आपल्या बाजूला हवी होती.

पगार मात्र त्याच्या हातात नव्हता. 544 मध्ये तो जवळजवळ रिकाम्या हाताने इटलीत परतला, पगार थकलेले शिपाई शत्रूला, म्हणजे इटलीतल्या गॉथ लोकांना, जाऊन मिळाले आणि 546 मध्ये रोम गेले. त्याच्यानंतर आलेला म्हातारा दरबारी खोजा नार्सेस पुरेसा पैसा घेतल्याशिवाय हललाच नाही. त्याने थकबाकी चुकती केली आणि 552 मध्ये गॉथांचा राजा तोतिला याला संपवले. तरी त्याआधी एकदा सुमारे 5,000 माणसांनिशी वर्षभर गॉथांविरुद्ध रोम लढवणारा बेलिसारियसच मला थोर वाटतो. नार्सेसचे शहाणपण दरबाराकडून पैसे काढण्याचे होते, आणि तेही सोपे नसते.

माझीही शिष्यवृत्ती थकल्यामुळे ताईच्या लग्नासाठी ठरल्यापेक्षा कमी रक्कम पाठवली आहे. उरलेली पुढच्या महिन्यात नक्की पाठवते, तोवर कृपया कर्ज काढू नका. मार्गशीर्षातला मुहूर्त धरलात, हे उत्तमच झाले. त्याच आठवड्यात माझे सादरीकरण असल्याने येणे जमणार नाही; ताईला मी स्वतः सांगेन, तुम्ही तिला काही बोलू नका. माझ्यासाठी आलेल्या स्थळाला तूर्त नकार कळवावा.

आपली,
धाकटी