पानावर एक लॅपटॉप, पेटीत दुसरा

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: जाहिरातीप्रमाणे लॅपटॉप न मिळाल्याबद्दल तक्रार; लॅपटॉप बदलून किंवा पूर्ण रक्कम परत मिळण्याबाबत

महोदय / महोदया,

स.न.वि.वि.

तुमच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून आम्ही जो गेमिंग लॅपटॉप मागवला, तो आम्हाला मिळालेला नाही. नाव तेच, रंग तोच, किंमत तीच. पण ग्राफिक्स कार्डाची ताकद, रॅम आणि पडदा या तिन्ही बाबतींत आलेलं मशीन तुमच्या पानावरच्या वर्णनापेक्षा उतरतं आहे. बिल, ऑर्डर करतेवेळी काढून ठेवलेले पानाचे स्क्रीनशॉट आणि तुमच्या चॅटवरच्या प्रतिनिधीशी झालेलं बोलणं सोबत जोडलं आहे. ऑर्डर क्रमांक आणि मशीनचा सिरीयल नंबर बिलावर आहेत.

आमचं घर येवल्यात. हातमागावर पैठणी विणणं हा घरचा धंदा. नवरा आणि दीर मागावर बसतात, विक्रीचं सगळं मी बघते: साड्यांचे फोटो काढणं, ते नीट करून व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्रामवर टाकणं, ऑर्डरी, बिलं, जीएसटीचे कागद. मुलगा कॉम्प्युटरचा डिप्लोमा करतोय, त्याला ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये थ्रीडी शिकायचं आहे आणि तो मन लावून गेम खेळतो. धाकटी दहावीत आहे, तिचे ऑनलाइन तास असतात. एवढ्यांसाठी दोन मशीन घ्यायची ऐपत नाही. लग्नसराईच्या विक्रीतून बाजूला काढलेले सत्तर हजारांच्या आतले पैसे होते आणि त्यातून सगळ्यांना पुरेल असा एकच लॅपटॉप, तोही पाच-सहा वर्षं टिकेल असा, घ्यायचा होता.

तुमच्या सेवा केंद्रातले गृहस्थ म्हणाले, "ताई, गेमिंगवाले लॅपटॉप असेच असतात, घरच्या वापराला साधा घ्यायचा ना." हे बोलणं मला लागलं. साध्या लॅपटॉपवर मुलाचं थ्रीडीचं काम रखडलं असतं, म्हणून वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेलं मशीन घेतलं. मुलगा गेम खेळतो यात कमीपणा वाटण्यासारखं काही नाही. कॉम्प्युटरच्या आत काय चालतं हे तो त्यातूनच शिकला. तुमच्या पानावरही या मॉडेलखाली "खेळ, अभ्यास आणि घर, सगळ्यांसाठी एकच" असं मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे. आम्ही ते खरं मानलं.

आता एकेक गोष्ट सांगते.

यातल्या ग्राफिक्स कार्डाचं नाव आरटीएक्स ३०५०, ६ जीबी. पण नुसतं हे नाव वाचून लॅपटॉपची ताकद कळत नाही. लॅपटॉप बनवणारी कंपनी या चिपला किती वीज देते त्यावर ती कमी किंवा जास्त चालते. लॅपटॉपमध्ये तिला साधारण ३५ वॅटपासून ८० वॅटपर्यंत काहीही दिलेलं असतं, आणि ३५ वॅटची आणि ८० वॅटची यांत खेळताना आणि रेंडर करताना (थ्रीडीचं पक्कं चित्र तयार करताना) जो फरक पडतो तो आकड्यांपुरता राहत नाही, डोळ्यांना दिसतो. हे माहीत होतं म्हणूनच मुलाने ऑर्डर देण्याआधी चॅटवर मुद्दाम विचारलं. उत्तर आलं, "७५ वॅट, पानावर दिलं आहे तेच." पानावरही ७५ वॅटच होतं. घरी आल्यावर चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघडून बघितलं, तर कमाल ग्राफिक्स पॉवरपुढे ५० वॅट. चार्जर लावलेला, परफॉर्मन्स मोड चालू, ड्रायव्हर नवा, बायोस तुमच्याच अ‍ॅपमधून अपडेट केलेलं. तरी ५०. गेम चालू असताना मोजलं तेव्हाही त्याच्या वर एकदाही गेलं नाही.

एनव्हिडियाने २०२१ मध्येच लॅपटॉप कंपन्यांना सांगितलं होतं की ग्राफिक्सची वीज आणि क्लॉक स्पीड तुमच्या पानावर छापा, कारण नावावरून ग्राहकाला कळत नाही. तुम्ही छापलं, पण दुसऱ्याच मॉडेलचं. सेवा केंद्राने दोन दिवस मशीन ठेवून जो कागद दिला त्यावर लिहिलं आहे की या सिरीयल नंबरचं मशीन "लोअर पॉवर व्हेरियंट", म्हणजे कमी वीज मिळणारा प्रकार, आहे आणि त्यात बिघाड नाही. म्हणजे एकाच नावाखाली तुम्ही दोन मशीन विकता, दोघांचं पान एकच ठेवता, आणि पानावर आकडे वरच्या मशीनचे देता. खाली बारीक अक्षरांत "स्पेसिफिकेशन मॉडेलनुसार बदलू शकतात" अशी ओळ आहे. कुठलं मॉडेल आपल्या घरी येणार, हे पैसे भरेपर्यंत कुठेही दिसत नाही.

आमच्या धंद्यात यंत्रमागावरच्या साडीला सेमी पैठणी म्हणतात. ती विकणं गैर नाही, स्वस्तात हवी असणारं गिऱ्हाईक असतंच. पण ती विकताना सेमी आहे हे सांगावं लागतं. हातमागाच्या पदराचा फोटो दाखवून सेमी पाठवली तर येवल्यात त्या माणसाच्या दारात पुन्हा कोणी उभं राहत नाही. तुम्ही जे केलं ते याहून वेगळं मला दिसत नाही.

रॅमचं थोडक्यात. पानावर "१६ जीबी ड्युअल चॅनेल" लिहिलं होतं, म्हणजे रॅमच्या दोन पट्ट्या (स्टिक) जोडीने काम करणार. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीखाली स्लॉट दोनपैकी एकच वापरात दिसतो, म्हणजे आत १६ जीबीची एकच स्टिक आहे. एका स्टिकवर प्रोसेसर आणि मेमरीमधला रस्ता निम्मा राहतो, आणि गेम मधूनमधून अडखळतो. सेवा केंद्र म्हणालं, दुसरी स्टिक आम्हीच बसवू, पैसे वेगळे पडतील, बाहेर कुठे उघडलंत तर वॉरंटीची जबाबदारी आमची नाही. जे पानावर लिहून विकलं, ते बसवायला पुन्हा आम्ही पैसे का द्यावेत?

पडद्याने मात्र आमचं खरं नुकसान केलं, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहिते. गेमिंग लॅपटॉप विकताना सगळे १४४ हर्ट्झ, म्हणजे पडद्यावरचं चित्र सेकंदाला १४४ वेळा बदलतं, एवढंच ओरडून सांगतात. ते मुलासाठी ठीक. मला रंग हवे होते. तुमच्या पानावर १०० टक्के एसआरजीबी (पडदा किती रंग दाखवतो ते मोजायची एक पट्टी) असं स्पष्ट होतं, आणि त्या एका ओळीवर मी इतर दोन कंपन्यांचे थोडे स्वस्त लॅपटॉप सोडले. आलेल्या मशीनमधल्या पडद्याचा पॅनेल क्रमांक मुलाने काढला. तो ४५ टक्के एनटीएससीचा पॅनेल आहे; एनटीएससी ही रंग मोजायची दुसरी पट्टी. १०० टक्के एसआरजीबी म्हणजे एनटीएससीच्या मोजमापात साधारण ७२ टक्के. म्हणजे सांगितलेल्या रंगांपैकी एक तृतीयांशाहून जास्त रंग या पडद्याला दाखवताच येत नाहीत.

हे आकड्यांत कळणं वेगळं आणि साडी समोर ठेवून बघणं वेगळं. कुंकवी लाल काठाची, मोरपंखी अंगाची एक पैठणी खिडकीजवळ उन्हात पसरली. शेजारी फोनवर तिचा फोटो, आणि तोच फोटो लॅपटॉपवर. फोनवर काठ साडीसारखाच दिसत होता. लॅपटॉपवर तोच काठ विटकरी, नारिंगीकडे झुकलेला. मोरपंखीतला हिरवा गेलेला आणि उरलेला निळा गढूळ. पदरावरच्या मुनियांची, म्हणजे विणलेल्या पोपटांची, चोच लाल असते, ती अंगाच्या रंगात मिसळून गेली होती. पडदा मागेपुढे कलला की रंग अजून उतरतात. मामंजींनी चाळीस वर्षं रेशीम रंगवलं आहे. त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, "हा रंग आपला नव्हे."

मी हे लक्षात येण्याआधी या पडद्यावर बघून फोटो नीट केले होते. पडदा फिका दाखवतो म्हणून लाल वाढवला, हिरवा वाढवला. तेच फोटो गिऱ्हाइकांच्या फोनवर भडक गेले. साडी हातात पडल्यावर ठाण्याच्या आणि पुण्याच्या गिऱ्हाइकांनी रंग वेगळा आहे म्हणून परत पाठवल्या. त्यांची काहीच चूक नाही, त्यांनी फोटोवर विश्वास ठेवला. परतीचं कुरियर आम्ही भरलं. हातमागाच्या एका पैठणीमागे महिना-महिना जातो. ती परत येते तेव्हा विणणाऱ्याचं तोंड बघवत नाही. आता मी पुन्हा फोनवरच फोटो करते, आणि ज्या कामासाठी लॅपटॉप घेतला ते काम त्यावर होत नाही.

जे चांगलं आहे तेही सांगायला हवं. कीबोर्ड उत्तम आहे, मशीन चटकन सुरू होतं, धाकटीचे तास आणि माझी बिलं विनातक्रार होतात, व्हॅलोरंटसारखे हलके गेम सुरळीत चालतात. पंख्याचा आवाज मोठा आहे, पण गेमिंग लॅपटॉपला तो असणारच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मशीन बिघडलेलं आहे असं मी म्हणतच नाही. म्हणूनच "तपासणीत दोष आढळला नाही, सबब तक्रार बंद करण्यात येत आहे" हे तुमचं ईमेलचं उत्तर मला मान्य नाही. तक्रार दोषाची नव्हतीच. जाहिरातीतली वस्तू आली नाही, ही तक्रार आहे. दुसऱ्या उत्तरात तुम्ही म्हणता की पेटी उघडून मशीन सुरू केलं, म्हणून ते परत घेता येणार नाही. सुरू केल्याशिवाय आतलं ग्राफिक्स किती वॅटचं आहे हे कोणाला कळेल? पेटीवर कमाल किंमत आहे, आयातदाराचं नाव-पत्ता आहे, कुठल्या देशात बनलं ते आहे. वॅट, रॅमच्या स्टिक आणि पडद्याचे रंग, यातलं एकही नाही.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० मध्ये स्पष्ट आहे की वस्तू जाहिरातीत सांगितलेल्या गुणवैशिष्ट्यांची नसेल तर ती परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. पेटी उघडली होती का, असा प्रश्न त्यात कुठे नाही. त्याच नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत देणं आणि एक महिन्याच्या आत तिचं निवारण करणं तक्रार निवारण अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. म्हणून हे पत्र ग्राहक सेवेच्या सर्वसाधारण ईमेलवर न पाठवता थेट तुमच्या नावे पाठवत आहे.

माझी मागणी अशी. पानावर लिहिल्याप्रमाणे, म्हणजे ७५ वॅटचं ग्राफिक्स, ८ जीबीच्या दोन स्टिक आणि १०० टक्के एसआरजीबी पडदा असलेलं नवं मशीन त्याच किमतीत बदलून द्या. तसं मशीन तुमच्याकडे नसेल तर बिलाची पूर्ण रक्कम परत करा आणि हे मशीन येवल्यातून तुमच्या खर्चाने घेऊन जा. वर रक्कम भरून मोठं मॉडेल घ्या, हा फोनवर दिलेला पर्याय मला नको आहे. परत आलेल्या साड्यांच्या कुरियरच्या पावत्या जोडल्या आहेत, तो खर्चही द्यावा.

याशिवाय दोन्ही मॉडेलची पानं वेगळी करा आणि प्रत्येक पानावर त्याच मशीनचे आकडे द्या. आमच्या गल्लीत पुढच्या वर्षी बारावी आणि डिप्लोमाची मुलं असलेली दोन घरं लॅपटॉप घेणार आहेत. ती मलाच विचारायला येतात, आणि तुमचं पान बघून घ्या असं आज मी त्यांना सांगू शकत नाही.

नियमातल्या मुदतीत निवारण झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवून मी नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगात दाद मागता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क लागत नाही, ही माहिती मी घेतली आहे. तशी वेळ येऊ नये अशी इच्छा आहे. मशीन पेटीसह, चार्जरसह, आहे तसं जपून ठेवलं आहे. तुमचा माणूस पाठवण्याआधी फोन करावा, दुपारी दोननंतर मी घरीच असते.

कळावे,

आपली ग्राहक
येवला, जि. नाशिक

सोबत: बिलाची प्रत, पानाचे स्क्रीनशॉट, चॅटची प्रत, सेवा केंद्राचा कागद, कंट्रोल पॅनेल आणि टास्क मॅनेजरचे फोटो, साडी-फोन-लॅपटॉप शेजारी ठेवून काढलेला फोटो, कुरियरच्या पावत्या