चाचा, नाव नको म्हणालात म्हणून हे पत्र

चाचा,

सलाम आणि नमस्कार.

माझी सहा गाणी पुढच्या महिन्यात येतायत. त्यात तुमचं नाव टाकते म्हणाले, तर तुम्ही हातानेच नको म्हणालात. "मी काय केलं? गोदामाची किल्ली दिली." बरं, नाव टाकत नाही. पण गंगाखेडात ज्यांच्या घरचं लग्न तुमच्या मांडवात लागलंय, त्यांना हे पत्र वाचून कोणाला लिहिलंय ते कळेल. कळावं अशीच माझी इच्छा आहे.

मी गाते त्याला सोल म्हणतात. पहिल्यांदा ऐकलंत तेव्हा तुम्ही विचारलं होतं, "हे काय, तिकडचं भजन हाय का?" तुम्ही नेमकं बोलला होतात. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या चर्चमध्ये जे गायलं जायचं, ते १९५० च्या दशकात रे चार्ल्स, सॅम कुक अशा गायकांनी संसाराच्या गाण्यात आणलं. देवाला मारायची हाक माणसाला मारली. एकाने पुढे गायचं आणि बाकीच्यांनी मागून उचलायचं, आपल्याकडे कीर्तनात टाळकरी उचलतात तसं. माझी आजी जात्यावर जनाबाईच्या ओव्या म्हणायची. ओळ संपताना तिचा सूर दोन स्वरांच्या मधून कुठूनतरी घसरत खाली यायचा. पेटीवर तो सूर सापडत नाही. कॉलेजात असताना सोल गाणारी अरेथा फ्रँकलिन ऐकली आणि तोच घसरता सूर कानात आला. त्या दिवसापासून मी हेच गातेय. फक्त कुठे बसून गायचं, हे कळत नव्हतं.

घर पत्र्याचं. वरून पाऊस, शेजारी कुकरच्या शिट्ट्या, समोर स्टँडकडे जाणाऱ्या गाड्या. शहरातल्या स्टुडिओचं एका तासाचं भाडं म्हणजे माझ्या शिकवणीचे आठवड्याचे पैसे. जूनमध्ये लग्नसराई संपली, तेव्हा अब्बूंच्या मित्राच्या हक्काने बोलावं तसं तुम्ही मला बोलावलंत आणि गोदाम उघडून दिलंत. गाद्या, लोड, सतरंज्या, घड्या घातलेल्या कनाती, सगळं छतापर्यंत रचलेलं. तुम्ही मधोमध उभं राहून एक टाळी वाजवलीत. टाळी जिथल्या तिथे विरली. "बघ, इथं आवाज भिंतीला लागून माघारी येत नाही." लोक भिंतींना महागडा फोम लावून जे मिळवतात, ते तुमच्या गाद्यांनी फुकट दिलं. अमेरिकेत मेम्फिसमधल्या स्टॅक्स या सोलच्या रेकॉर्ड कंपनीचा स्टुडिओ असाच एका जुन्या टॉकीजमध्ये होता, खुर्च्या काढलेल्या आणि जमीन पडद्याकडे उतरती. तुमच्या गोदामात उभी राहिले की मला तो आठवतो.

यूट्यूबवर बघून घेतलेला माझा कंडेन्सर माईक बाहेरच्या ट्रॅक्टरचा आवाजसुद्धा ओढून घ्यायचा. तो तुम्ही पिशवीत ठेवायला लावलात आणि कीर्तनाला देता तो जाळीचा साधा डायनॅमिक माईक हातात दिलात. वरचा सूर लावताना तोंड मागे घे, कुजबुजताना माईकला ओठ लाव. हे मला कुठल्याही क्लासमध्ये कोणी सांगितलं नव्हतं. तुम्ही ते चाळीस वर्षं स्टेजच्या कडेला उभं राहून महाराज मंडळींकडून बघितलेलं.

मग ती घरघर. प्रत्येक रेकॉर्डिंगच्या तळाशी एक बारीक घूंऽऽ यायची. मी तीन रात्री लॅपटॉपवर विजेच्या घरघरीचा सूर, ५० हर्ट्झ, कापत बसले होते, मग त्याच्या दुप्पट १०० कापत होते, आवाज पातळ होत चालला होता. तुम्ही आलात, दोन मिनिटं ऐकलंत आणि चार्जरची पिन उपसलीत. घरघर गेली! "अर्थिंगचा लोच्या हाय. तोवर बॅटरीवर कर." दुसऱ्या दिवशी गोदामामागे खड्डा खणून मीठ-कोळसा घालून नवं अर्थिंग केलंत, माझ्या एका गाण्यासाठी. त्या खड्ड्याजवळ घामाने भिजलेला तुमचा सदरा मला अजून दिसतो.

'कोयता' हे गाणं तुम्हाला ठाऊकच आहे. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल त्याच हिशोबाने मिळते, बाईचं वेगळं नाव कुठे लागत नाही. त्या बाईचं गाणं. मी त्यातले माझे सगळे श्वास एकेक करून कापून टाकले होते, कारण स्वच्छ आवाज म्हणजे चांगला आवाज असं मला वाटायचं. तुम्ही ऐकून गप्प बसलात. मग म्हणालात, "मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढणाऱ्या बाईला दम लागतो का नाही? मंग तुझ्या गाण्यात का नाही?" मी सगळे श्वास परत आणून बसवले. लोक मला भेटून त्या गाण्याविषयी बोलतात तेव्हा दुसऱ्या कडव्याआधीच्या त्या दमाविषयीच बोलतात.

आणि भोंगा. गाण्यातले सगळे आवाज जुळवून मिक्स झालं की तुम्ही म्हणायचात, आता भोंग्यावर लाव. भोंग्यात खर्ज नसतो, वरची चमकही नसते, उरतो तो मधला आवाज. तिथे शब्द कळले तर कोणाच्याही मोबाईलवर कळतील, हे तुमचं गणित. पुढे वाचलं की डेट्रॉइटच्या मोटाउन या सोलच्या कंपनीतही गाणी मोटारीतल्या रेडिओएवढ्या लहान स्पीकरवर वाजवून बघायचे, कारण ऐकणारा तिथेच ऐकणार. माझं एकही गाणं तुमच्या भोंग्यावर वाजल्याशिवाय बाहेर गेलेलं नाही.

पण सगळ्यात मोठे आभार त्या कागदाचे. एका कंपनीने 'कोयता' मागितलं होतं. पंधरा हजार रुपये एकरकमी. मी सही करायलाच निघाले होते, पेढेसुद्धा आणले होते. तुम्ही पेढा बाजूला ठेवलात आणि म्हणालात कागद दाखव. तेव्हा पहिल्यांदा ती गोष्ट सांगितलीत, कॅसेटच्या जमान्यातली. एका भारूडवाल्यांची पट्टी तुम्ही रात्रभर जागून भरली, मूळ कॅसेट शहरातल्या एका कंपनीला थोड्या पैशांत दिली, आणि पुढे ती प्रत्येक जत्रेत विकली गेली. भारूडवाल्यांना आणि तुम्हाला त्यातला एक रुपया आला नाही. ते म्हातारे स्वतःची कॅसेट विकत घेऊन घरी गेले, हे सांगताना तुमचा आवाज बसला होता.

तुम्ही मला परभणीला तुमच्या ओळखीच्या वकिलांकडे नेलंत. कागदावर 'सर्व हक्क, जगभर, कायमचे' असं होतं. वकिलांनी समजावलं ते मी वहीत लिहून ठेवलंय. शब्द आणि चाल यांचा हक्क एक, रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा. रेकॉर्डिंग ज्याने पुढाकार घेऊन, जबाबदारी घेऊन केलं तो निर्माता, म्हणजे मीच. आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा, वारस किंवा हक्क सांभाळणारी कॉपीराइट संस्था सोडून, कोणाला लिहूनही देता येत नाही. मी सही केली नाही. आयपीआरएस, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था, तिचा फॉर्म भरला, गाणी स्वतःच्या नावाने स्पॉटिफायसारख्या ॲपवर चढवली. पहिल्या वर्षी हातात १,१४० रुपये आले, कारण स्पॉटिफायवर बारा महिन्यांत हजार वेळा वाजल्याशिवाय गाण्याचे पैसेच धरत नाहीत आणि माझी दोनच गाणी तिथवर पोचली होती. पंधरा हजार सोडून अकराशे घेतले म्हणून घरी बोलणी बसली. तुम्ही मात्र ते पैसे मोजून बघितलेत आणि म्हणालात, "पुढच्या साली बी येतील ना? तेच तर."

आले चाचा. दरवर्षी येतायत. शिकवणी अजून सोडलेली नाही, पण कार्यक्रमांची बोलावणी येतात आणि 'कोयता' कुठे वापरायचं ते मला विचारून ठरतं.

डीजेच्या भिंती आल्यापासून तुमचं काम कमी झालंय, हे मला दिसतं. भोंग्यांशेजारी उभं राहून उजवा कान मंद झालाय, हेही तुम्ही लपवता. सहावं गाणं अजून मिक्स व्हायचंय आणि त्यात खर्ज जास्त झालाय असं मला वाटतं. शुक्रवारी नमाजनंतर येते. भोंगा काढून ठेवा. मी डावीकडे बसेन.

तुमची,
गोदामातली पोरगी