तहकुबी कोणी मागितली, ते जाहीर करा

महोदय,
सिमेंट परमिटवर मिळायचे तेव्हा आमच्या घराचा स्लॅब पावसाळाभर अडला होता. सळया गंजून गेल्या. मुंबईतल्या बिल्डरांना मात्र अंतुले यांच्या ‘इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान’ या न्यासाला देणगी दिली की सिमेंट मिळे. १२ जानेवारी १९८२ रोजी उच्च न्यायालयात न्या. लेंटिन यांनी तसा ठपका ठेवला आणि मुख्यमंत्री अंतुले पायउतार झाले. कुलाबा जिल्ह्याचा ‘रायगड’ करणारा आमचाच माणूस, तरीही राजीनामा योग्यच वाटला.

आरोपनिश्चितीनंतर आमदार-खासदारांचे गंभीर खटले वर्षभरात संपवा, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्येच बजावले आहे. तरी ‘प्रकरण न्यायप्रविष्ट आहे’ म्हणत खुर्ची सांभाळली जाते. अशा प्रत्येक खटल्यात तहकुबी कोणी मागितली, हे दरमहा जाहीर व्हावे.

– एक निवृत्त शिक्षक, अलिबाग