दक्षिणेच्या समुद्रात ओहोटीचा हिशेब पुरत नाही

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत दिवाळीच्या सुट्टीसाठी दक्षिणेतल्या किनाऱ्यांची सहा दिवसांची सहल सुचवली आहे: गोकर्ण, मालपे, कोची, वर्कला आणि शेवटी कन्याकुमारी. रस्त्याने हे अंतर नऊशे किलोमीटरच्या वर जाते. लहान मुले आणि आजी-आजोबा बरोबर असले की त्यातला निम्मा वेळ गाडीत जातो आणि समुद्र खिडकीतूनच बघावा लागतो. पण माझी मोठी हरकत आहे ती 'ओहोटी टाळून पाण्यात उतरा' या सल्ल्याला. कोकणात वाढलेल्यांना तो पुरेसा वाटतो. दक्षिणेत त्यावर विसंबणे धोक्याचे आहे, म्हणून हे पत्र.

कोकणातला हिशेब आपल्या अंगवळणी पडलेला आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते: सप्तमीला सव्वापाच, पौर्णिमेला सव्वाअकरा. मुंबईजवळ उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीत चार मीटरहून अधिक फरक पडतो, त्यामुळे ओहोटीला पाणी खरोखरच लांब जाते आणि जाताना ओढते. दक्षिणेकडे हा फरक कमी कमी होत जातो. मालपेला तो दीड मीटरच्या आसपास, कोचीला जेमतेम मीटरभर. भरतीही तिथे मुंबईच्या आधी येते, म्हणजे पाऊणपटीचे गणितही जुळत नाही. पाणी फारसे मागे सरकत नाही हे पाहून आपली माणसे निर्धास्त होतात. पण तिथली ओढ मुख्यतः लाटांची असते. ओहोटीने ती वाढते, भरतीत मात्र थांबत नाही.

ही ओढ कशी तयार होते ते समजून घेतले की ती डोळ्यांना दिसू लागते. लाटा पाणी किनाऱ्यावर आणून टाकतात. ते परत जायला वाट शोधते आणि वाळूच्या बांधात जिथे खोलगट जागा असेल तिथून एकवटून आत जाते. त्या पट्ट्यात पाणी खोल असल्यामुळे लाटा फुटत नाहीत. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मधे पाच-दहा मीटर रुंदीची गडद, शांत दिसणारी गल्ली. नवखा माणूस मुलांना घेऊन नेमका तिथेच उतरतो, कारण तिथे लाट लागत नाही. थोडे उंचावर उभे राहून दहा मिनिटे बघा. फेस, पालापाचोळा, गढूळ वाळू एकाच पट्ट्यातून समुद्राकडे चाललेली दिसली तर ती जागा सोडून द्या. दिवाळीत तर हे आवर्जून पाहावे. पावसाळ्याने ओढून नेलेली वाळू ऑक्टोबरनंतर हळूहळू परत येत असते, तोपर्यंत तळ उंचसखल असतो आणि गुडघाभर पाण्यातून पुढचे पाऊल छातीभर पाण्यात पडू शकते.

सापडलेच कोणी, तर किनाऱ्याकडे तोंड करून हात मारत राहू नये. चांगला पोहणारासुद्धा त्या ओढीसमोर दोन मिनिटांत दमतो आणि बुडतो तो दमल्यामुळे. ही ओढ माणसाला खाली खेचत नाही, आत नेते. म्हणून पाठीवर तरंगावे, एक हात वर करावा आणि जमत असेल तर किनाऱ्याला समांतर वीस-तीस मीटर सरकून जिथे लाटा फुटत आहेत तिथून परत यावे. किनाऱ्यावरच्यांनी मागोमाग उडी घेऊ नये, हात धरून साखळीही करू नये. दोर बांधलेला, झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन फेकावा. पिण्याच्या पाण्याचा तसा कॅन प्रत्येक कुटुंबाजवळ असतोच. दहा मीटर दोर सोबत ठेवला की काम होते.

हवेच्या रबरी ट्यूबबद्दलही सांगायला हवे. पश्चिम किनाऱ्यावर सकाळी दहा-अकरापर्यंत वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. त्या वेळी पाणी आरशासारखे दिसते आणि ट्यूबमधले मूल कोणाच्या लक्षात येण्यापूर्वीच खोल समुद्राकडे सरकत जाते. दुपारी वारा फिरतो, पण तेव्हा लाटा वाढलेल्या असतात. मुलांना ट्यूब देऊच नये. मोठ्या माणसाने हाताच्या अंतरावर, मुलापेक्षा समुद्राच्या बाजूला उभे राहावे.

सहा दिवस असतील तर एकाच किनाऱ्यावर राहा. मराठी कुटुंबांसाठी मी कर्नाटकातल्या उडुपीचा परिसर सुचवेन. मुंबईहून मत्स्यगंधा एक्सप्रेस दुपारी लोकमान्य टिळक टर्मिनसवरून सुटते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उडुपीला सोडते. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडते, दिवाळीच्या गाड्यांसाठी त्याच सकाळी बसावे लागते. गाडी पहाटे पोचते आणि खोली मिळते अकरा-बाराला, म्हणून लवकर खोली मिळेल का ते आधीच ठरवून घ्यावे, नाहीतर पहिला दिवस सामान राखण्यात जातो. घर निवडताना समुद्र दिसतो का यापेक्षा तीन गोष्टी विचाराव्यात. वाळू आणि घर यांच्या मधे वाहता रस्ता आहे का? विहिरीचे पाणी मचूळ आहे का? बाहेर अंगाची वाळू धुवायला नळ आहे का? गुडघेदुखी असलेल्यांसाठी तळमजलाच घ्यावा.

मालपे उडुपीपासून सहा किलोमीटर. किनारा लांब आणि मोकळा आहे, पण दक्षिण टोकाला मासेमारी बंदर आणि उद्यावर नदीचे मुख आहे, त्या बाजूला पाण्यात जाऊ नये. नदीच्या मुखाशी तळ रोज बदलतो, हे कुठल्याही किनाऱ्याला लागू आहे. दक्षिणेला कापूचे दीपगृह 1901 सालचे, खडकावर उभे. संध्याकाळी तिथे बसावे, खडकाजवळच्या पाण्यात मात्र उतरू नये. त्याहून पुढे पडुबिद्रीला 2020 मध्ये ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ आणि सुरक्षित किनाऱ्यांना दिले जाणारे आंतरराष्ट्रीय मानांकन, मिळाला. मुले बरोबर असतील तर आंघोळीसाठी अशीच पोहण्याची हद्द आखलेली जागा निवडावी. लाल-पिवळे झेंडे असतील तर त्या दोहोंच्या मधेच उतरावे. लाल झेंडा असेल तर त्या दिवशी फक्त वाळूचे किल्ले.

एक सकाळ सेंट मेरी बेटाला द्यावी. मालपेहून बोट जाते. पावसाळ्यात ती बंद असते आणि समुद्र शांत झाल्यावरच सुरू होते, तेव्हा आधी चौकशी करावी. बेटावर लाव्हा थंड होताना तडकून तयार झालेले पाच-सहा बाजूंचे दगडी खांब एकमेकांना चिकटून उभे आहेत, जणू कोणी पेन्सिलींचा जुडगा वाळूत रोवला आहे. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. हे खांब त्याहूनही जुने आहेत, मादागास्कर भारतापासून तुटला त्या काळातले. तिथली वाळू म्हणजे बहुतांशी शिंपल्यांचा चुरा, अनवाणी चालल्यास तळपाय कापतो. पट्ट्याच्या चपला घालून जावे.

जेवणाची चिंता नसते. उडुपीच्या सांबारात गूळ असतो, मुलांना ते चालते. नीर डोसा ओल्या खोबऱ्यात गूळ घालून खायला द्यावा. जेवणात जाड उकडा भात येतो. ज्यांना तो पचत नाही त्यांनी 'बेळ्तिगे' म्हणून साधा पांढरा भात मागावा. मासे खाणाऱ्यांनी नावे लक्षात ठेवावीत: सुरमई म्हणजे अंजल, बंगडा म्हणजे बंगुडे, तारली म्हणजे भुताई आणि मुडदुशी म्हणजे काणे.

दिवाळीत कर्नाटकचा किनारा योग्य. केरळात त्या सुमारास दुपारनंतर गडगडाटी पाऊस येतो, सकाळी फिरणाऱ्याचे फार बिघडत नाही. पण महाबलीपुरम, पुदुच्चेरी, रामेश्वरम ऑक्टोबर ते डिसेंबरात टाळावे. तो त्यांचा पावसाळा आहे आणि बंगालच्या उपसागरातली वादळेही त्याच काळातली. तिकडे जानेवारी ते मार्चमध्ये जावे. कोवळम नावाची दोन गावे आहेत, एक तिरुवनंतपुरमजवळ आणि एक चेन्नईजवळ, आरक्षण करताना राज्याचे नाव वाचावे. मे महिन्यात जाणाऱ्यांनी केरळातला 'कळ्ळक्कडल', म्हणजे चोर समुद्र, माहीत करून घ्यावा. आभाळ स्वच्छ, वारा पडलेला, आणि दूर दक्षिणेकडच्या महासागरातल्या वादळांनी उठवलेल्या लाटा काही दिवसांनी अचानक किनाऱ्यावर चढतात. हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र त्याचे इशारे देते, ते निघण्यापूर्वी पाहावेत. पूर्व किनाऱ्यावर 15 एप्रिल ते 14 जून ट्रॉलरची मासेमारी बंद असते, पश्चिमेला 1 जून ते 31 जुलै. त्या दिवसांत ताजा म्हणून वाढलेला मोठा मासा बहुधा बर्फातला असतो.

आपल्या पुरवणीवर विसंबून हजारो कुटुंबे सुट्टी ठरवतात. किनाऱ्याच्या प्रत्येक लेखासोबत तीन ओळी छापाव्यात, अशी विनंती आहे: कोणत्या महिन्यात जावे, जीवरक्षक कुठे आणि किती वाजेपर्यंत असतो, आणि नदीचे मुख कोणत्या बाजूला आहे.

एक जलतरण प्रशिक्षक, कोल्हापूर