मिरजेच्या फिजिओ मॅडमना, तासगावहून

मॅडम,

सप्रेम नमस्कार.

तुमचे आभार मानायचे आहेत ते तुम्ही मला बसू दिलं नाहीत म्हणून. दमा असलेल्या बाईला आपल्याकडे सगळे प्रेमानं बसवतात. घागर उचलायला गेलं की सासूबाई म्हणायच्या, "कशाला हलतीस, बस की जरा." जिना दिसला की मुलगा पुढं धावायचा. मळ्यातल्या विहिरीपर्यंत जायचं म्हटलं तरी गाडी निघायची. कुणाचाच हेतू वाईट नव्हता आणि माझीही त्याला ना नव्हती, कारण धाप लागली की जीव घाबरा होतो आणि घाबरलेल्या माणसाला बसवावंसं सगळ्यांनाच वाटतं. पण वर्षानुवर्षं बसून माझ्या पायांतलं बळ गेलं होतं. तुमच्याकडे आले तेव्हा छातीइतकेच पायही थकलेले होते, आणि हे मला पहिल्यांदा तुम्ही सांगितलंत.

छातीच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'पल्मनरी रिहॅबिलिटेशन', म्हणजे व्यायामातून आणि शिकवणीतून फुप्फुसाच्या रुग्णाचं पुनर्वसन, लिहून दिलं, तेव्हा आम्हाला वाटलं मशिननं छाती शेकायची असेल. तुमच्या विभागात येऊन बघते तो काय, एक लांब व्हरांडा, दोन टोकांना दोन नारिंगी शंकू, मध्ये भिंतीला लागून खुर्च्या. तीस मीटरचा तो पट्टा. सहा मिनिटांत जेवढं जमेल तेवढं चालायचं, दम लागला तर थांबायचं, वाटलं तर पुन्हा निघायचं. तुम्ही दर मिनिटाला सांगत होता, "छान चाललंय काकू, अजून चार मिनिटं आहेत." मी मध्येच भिंतीला टेकले. छाती भात्यासारखी वरखाली होत होती आणि आता काही खरं नाही असं वाटत होतं. तुम्ही माझं बोट माझ्यासमोर धरलंत. त्यावरच्या चिमट्यात ९७ आकडा होता. "श्वास वाढलाय काकू, ऑक्सिजन उतरलेला नाही." मग स्टेथोस्कोप लावून छातीत घरघर आहे का ऐकलंत, फुंकायच्या नळीवर पीक फ्लो, म्हणजे मी किती जोरात श्वास फुंकू शकते तो आकडा, घेतलात, आणि शून्य ते दहाचा तो तक्ता पुढं केलात. शून्य म्हणजे अजिबात धाप नाही, दहा म्हणजे याहून जास्त असूच शकत नाही. मी नऊवर बोट ठेवलं. तुम्ही हसला नाहीत की "एवढं काही नाही" म्हणाला नाहीत. कागदावर नऊच लिहिलंत. माझ्या धापेला कुणी असं मोजून, खरं मानून लिहून ठेवलं, हे माझ्या मनात घर करून राहिलं आहे.

पुढच्या आठवड्यांत तुम्ही जे शिकवलंत त्यातली एक गोष्ट मी भेटेल त्याला सांगते. धाप दोन तऱ्हेची असते. चालल्यामुळं लागलेली धाप थांबलं की काही मिनिटांत उतरते. दम्याची धाप बऱ्याचदा उलटी वागते. काम चालू असताना बरी असते आणि थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी चढते, सोबत खोकला, छातीवर दगड ठेवल्यासारखं, शीळ वाजल्यासारखा श्वास. पहिलीला घाबरायचं कारण नाही. दुसरीला पंप घ्यायचा आणि कागदावर लिहून दिलेल्या पायऱ्यांप्रमाणं वागायचं. पीक फ्लो आपल्या नेहमीच्या चांगल्या आकड्याच्या निम्म्याखाली गेला तर दवाखाना गाठायचा, घरी वाट बघत बसायचं नाही. बोटाच्या चिमट्यावरचा आकडा चांगला आहे म्हणून अटॅक अंगावर काढायचा नाही, हेही तुम्ही बजावलंत. इतकी वर्षं दमा सोबत आहे, पण या दोन धापांमधला फरक मला आधी कुणी समजावला नव्हता. प्रत्येक धाप अटॅकच समजून मी बसत होते, बसल्यामुळं पाय आणखी कमजोर पडत होते आणि कमजोर पायांना थोड्याशा कामालाही जास्त श्वास लागत होता.

पंप घेण्याच्या रीतीवर तुम्ही घालवलेला वेळ तर मी मोजूच शकत नाही. स्प्रेचा पंप हळूहळू आणि खोल ओढायचा, कॅप्सूलचा जोरात. स्पेसर, म्हणजे पंपाच्या तोंडाला बसवायची पोकळ नळी, लावला की औषध घशात कमी अडकतं, जास्त खाली उतरतं. ओढून झालं की दहापर्यंत मनात मोजत श्वास धरायचा. रोजच्या पंपानंतर चूळ भरायची. सकाळ-संध्याकाळचा पंप सूज कमी ठेवण्यासाठी, आणि बरं वाटायला लागलं म्हणून तो बंद करायचा नाही. आमच्याकडे "पंपाची सवय लागते" असं म्हणत निम्मी गल्ली नुसत्या निळ्या पंपावर दिवस काढते. तो नळ्या तेवढ्यापुरत्या उघडतो, आतली सूज तशीच राहते. नुसत्या तसल्या पंपावर दमा सांभाळू नये, असं दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांमध्ये २०१९ पासून स्पष्ट लिहिलंय, हे मला तुमच्याकडूनच कळलं.

आणि बेदाणा. याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण हे वाचणाऱ्यांमध्ये आमच्या भागातले लोक असतील. तुम्ही विचारलंत, "काकू, वर्षात कुठल्या महिन्यांत जास्त त्रास होतो?" मी म्हटलं, फेब्रुवारी ते एप्रिल. तुम्ही पुढं विचारलंत, तेव्हा घरी काय काम असतं. आमच्याकडे तेव्हा शेड भरलेली असते. द्राक्षं कार्बोनेटच्या पाण्यातून काढून जाळीच्या रॅकवर पसरायची, वाळली की झाडायची, देठं काढायची, निवडायची, आणि रंग चांगला राहावा म्हणून गंधकाची धुरी द्यायची. तुम्ही पेन खाली ठेवलंत. गंधक जळला की सल्फर डायऑक्साइड होतो आणि दमा असलेल्या माणसाच्या श्वासनळ्या त्या वायूनं काही मिनिटांत आवळतात. मी ते काम नाका-तोंडाला पदर बांधून करत आले होते. पदरानं धूळ अडते, वायू अडत नाही. तुम्ही "शेडवर जाऊ नका" असं म्हणाला नाहीत. म्हणाला असतात तर मी परत आलेच नसते, कारण बेदाणा हे आमचं पोट आहे. धुरी कोण देणार, दार कधी उघडणार, वारा कुठल्या बाजूचा, मी कुठं बसून निवडणार, हे सगळं तुम्ही माझ्यासोबत कागदावर काढलंत. आता धुरी धाकटा दीर देतो. मी शेड पूर्ण मोकळी झाल्यावरच आत जाते, आणि निवडायला बाहेर मांडवाखाली बसते. कुठल्याही गोळीनं इतका फरक पडला नव्हता.

व्यायामाबद्दल काय लिहू? खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस, एका पायरीवर चढ-उतार, पाण्यानं भरलेल्या बाटल्या हातात धरून दंड उचलणं. सुरुवातीला अंग हळूहळू गरम करायचं, शेवटी हळूहळू गार करायचं, एकदम थांबायचं नाही. डॉक्टरांनी सांगितलेला पंप दहा-पंधरा मिनिटं आधी. धाप तक्त्यावर चार ते सहामध्ये राहील एवढाच जोर. ओठ चंबूसारखे करून फुंकर घालत श्वास सोडायचा. यात महागडं असं काहीच नाही. मायणीहून येणारे एक काका आणि मी शेजारी-शेजारी पायरी चढायचो आणि तुम्ही आम्हाला बोलत ठेवायचात, कारण बोलता येतंय तोवर जोर बरोबर आहे.

गेल्या ऋषिपंचमीला मी आमच्या गणपतीच्या रथाबरोबर काशीविश्वेश्वराच्या देवळापर्यंत चालत गेले. गुलालापासून लांब, मास्क लावून, गर्दीच्या मागच्या टोकाला, पण चालत. लग्न होऊन आले त्या वर्षी रथाच्या दोराला हात लावला होता, त्यानंतर गच्चीवरूनच बघत होते. नवरा सारखा मागं वळून बघत होता. मी त्याला हातानं खुणावलं, पुढं बघ.

माझी मुलगी नर्सिंगला आहे. तिनं शोधून सांगितलं की कॉक्रेन या संस्थेनं २०२२ मध्ये दम्याच्या मोठ्या माणसांवरचे अशा पुनर्वसनाचे १० अभ्यास एकत्र तपासले, ८९४ माणसांचे. कार्यक्रम संपल्यावर चालण्याची ताकद आणि रोजचं जगणं बहुधा सुधारतं, असं त्यात निघालं. तो फायदा पुढं किती काळ टिकतो, हे मात्र त्यातून पक्कं सांगता आलेलं नाही. म्हणून मी घरी व्यायाम सोडलेला नाही. मला राग येतो तो एवढ्याचाच, की इतकी साधी गोष्ट दम्याच्या माणसापर्यंत पोचत नाही. हे सिगारेटवाल्यांच्या किंवा टीबी होऊन गेलेल्यांच्या फुप्फुसांसाठी आहे असं समजून पुष्कळांना इकडं पाठवलंच जात नाही. एक व्हरांडा, चार खुर्च्या, बोटाचा चिमटा आणि तुमच्यासारखं शिकलेलं एक माणूस एवढं प्रत्येक तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात असायला हवं. हे वाचणाऱ्या डॉक्टरांना माझी हात जोडून विनंती आहे, औषधाच्या चिठ्ठीवर ही एक ओळ लिहीत जा.

आमच्या शेजारच्या वहिनींना सोमवारी तुमच्याकडे पाठवते आहे. त्यांना गेल्या पावसाळ्यापासून त्रास आहे आणि दोन वेळा अॅडमिट करावं लागलं. डॉक्टरांची चिठ्ठी, जुने एक्स-रे, दोन्ही पंप आणि स्पेसर पिशवीत भरून ठेवायला सांगितलंय, पायात चप्पलऐवजी बूट घालायला सांगितलंय. त्या फार घाबरतात आणि थोडं चाललं की भिंतीला टेकतात. त्यांनी तक्त्यावर कुठंही बोट ठेवलं तरी तोच आकडा लिहा.

तुमची,
तासगावच्या काकू